भाग विकणें आणि मालमत्ता विकणें

मागील महिन्यांत आमच्या गांवचे एक वयोवृद्ध खातेदार माझ्याकडे एक कागद घेऊन आले. आमच्या तालुक्यांतील एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची ती नोटीस होती. ही कंपनी कापूस पिकविणाऱ्या चाळीस शेतकऱ्यांनीं मिळून काढलेली. आबांचे तिच्यांत पंचवीस भाग आहेत व प्रस्तुत लेखकाचेही दहा आहेत. नोटिशींत इतकेंच लिहिलें होतें कीं, ‘कंपनीच्या विक्रीबाबत विचार करण्यासाठीं’ सभा बोलाविली आहे, तरी सर्वांनीं हजर रहावें.

आबा म्हणाले, “भाऊसाहेब, जागा, यंत्रें, गोदाम मिळून दोन कोटींची मागणी आली आहे म्हणतात. एकंदर भाग एक हजार. म्हणजे माझ्या पंचवीस भागांचे पांच लाख झाले कीं नाहीं ?”

मीं विचारलें, “आबा, विकणार कोण ? तुम्ही, कीं कंपनी ?”

आबा माझ्याकडे नुसते पहात राहिले. त्यांस हा प्रश्न म्हणजे शब्दांचा खेळ वाटला. परंतु पांच लाखांचे पावणेदोन लाख कसे होतात, किंवा दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर शेतकऱ्याच्या कापसाचे पैसे बुडतात कसे, हें सारें त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें. म्हणून हा विषय या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें. मी कायदेपंडित नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करतांना कागद वाचण्याची जी संवय जडली, तेवढेंच माझें भांडवल.

प्रथम मूळ गोष्ट सांगतों. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीनें एक स्वतंत्र व्यक्ति आहे. जमीन तिच्या नांवावर, यंत्रें तिचीं, कर्ज तिचें, देणेंही तिचें. भागधारक हा कंपनीचा भागधारक असतो. कंपनीच्या जमिनीचा हिस्सेदार नसतो. एकत्र कुटुंबाच्या शेतींत भावाचा हिस्सा असतो, तसा हा हिस्सा नव्हे. येथें वाटपाचा दावा चालत नाहीं, व सातबाऱ्यावर भागधारकाचें नांवही लागत नाहीं.

ही गोष्ट किती कठोर आहे, हें दोन निवाड्यांवरून दिसून येईल. आयर्लंडांतील मॅकॉरा नांवाच्या एका जमीनदारानें आपल्या जमिनीवरील सारें इमारती लांकूड एका कंपनीस विकलें, व मोबदला म्हणून त्या कंपनीचे भाग घेतले. कंपनी जवळजवळ सर्वस्वीं त्याचीच. पण लांकडाचा विमा मात्र त्यानें स्वतःच्या नांवें उतरविला. पुढें आग लागून बहुतेक लांकूड जळालें. विमा कंपनीनें पैसे नाकारले, व १९२५ सालीं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें तो नकार उचलून धरला. कारण, लांकूड कंपनीचें होतें, मॅकॉराचें नव्हतें.

दुसरा निवाडा आपल्याच देशांतील आहे, व तोही शेतीशीं संबंधित आहे. श्रीमती बाचा गझदर यांचे चहाच्या मळ्यांच्या कंपन्यांत भाग होते. चहा कंपनीच्या उत्पन्नांतील शेंकडा साठ हिस्सा शेतीचा म्हणून आयकरांतून मोकळा होता. सबब आपल्यास मिळालेल्या नफ्याच्या वांटणीचाही तेवढा हिस्सा शेतीउत्पन्न धरावा, असें त्यांचें म्हणणें. सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं तें अमान्य केलें. मळा कंपनीचा, पीक कंपनीचें. भागधारकास मिळतो तो भागावरील नफा, शेताचें उत्पन्न नव्हे, असा त्याचा मथितार्थ.

हें ध्यानीं आलें म्हणजे पुढचें सोपें होतें. धंदा विकण्याचे मार्ग मुख्यत्वें दोन. एका मार्गांत भागधारक आपापले भाग नव्या धन्यास विकतात. कंपनी जागच्या जागीं रहाते. तिची जमीन, तिचें कर्ज, तिचे परवाने, तिच्यावरील दावे, तिची कामगारांशीं बांधीलकी, सारें जसेंच्या तसें. पैसे थेट भागधारकांच्या हातांत येतात. दुसऱ्या मार्गांत कंपनी आपली जमीन, इमारती व यंत्रें विकते. पैसे येतात ते कंपनीकडे. भागधारकाचा भाग त्याच्याच पेटींत रहातो; फक्त त्या भागाच्या पाठीमागें आतां कारखाना नसून कांहीं रोकड व कांहीं देणीं असतात.

आमच्या महसूल दप्तरांत हा फरक लख्ख दिसतो. मालमत्ता विकली तर खरेदीखत होतें, तें नोंदवावें लागतें, फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकती ऐकल्या जातात, आणि मग सातबाऱ्यावर नांव बदलतें. भाग विकले तर तलाठ्याच्या दप्तरांत कांहींच होत नाहीं. नोकरींत असतांना एकदां एका शेतकऱ्यानें मजकडे अर्ज आणला होता कीं, शेजारच्या कंपनीचे सारे धनी बदलले, तरी सातबाऱ्यावर जुनेंच नांव कसें ? त्यास समजावितां समजावितां दुपार झाली. नांव कंपनीचें होतें आणि कंपनी तीच होती. धनी बदलले ते कंपनीच्या वहींत. फेरफार घालण्यासारखें तेथें कांहींच घडलें नव्हतें.

याच कारणानें खर्चांतही मोठी तफावत पडते. भागांच्या हस्तांतरास १ जुलै २०२० पासून लाखामागें पंधरा रुपये मुद्रांक पडतो. जमीन-इमारतीच्या खरेदीखतास मात्र लाखामागें कांहीं हजार मोजावे लागतात. शिवाय जमीन भोगवटादार वर्ग दोनची असली तर पूर्वपरवानगी हवी. आणि शेतजमीन असली तर १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याप्रमाणें, कांहीं अपवाद सोडल्यास, बिगरशेतकऱ्यास ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून घेतां येत नाहीं. परवान्यांचीही तीच कथा. बाजार समितीचा, अन्नपदार्थांचा, कारखान्याचा परवाना कंपनीच्या नांवें असतो. भाग विकले तर तो कंपनीपाशींच रहातो, मालमत्ता विकली तर खरेदीदारास आपल्या नांवें नव्यानें व्यवस्था करावी लागते.

मग एवढी खटपट करून खरेदीदार मालमत्ताच कां मागतो ? कारण त्यास जुनीं भुतें नको असतात. कंपनीनें दहा वर्षांपूर्वीं कर चुकविला असेल, एखाद्या कामगाराचा दावा निघेल, कोणास लिहून दिलेली हमी पुढें येईल. भाग घेणाऱ्यास हें सारें कंपनीबरोबर पदरांत घ्यावें लागतें. मालमत्ता घेणारा हवें तें उचलतो व नको तें मागें ठेवतो. त्यास आणखी एक लाभ असा कीं, दिलेल्या नव्या किंमतीवर तो यंत्रांचा व इमारतींचा घसारा धरूं शकतो. भाग घेतले तर कंपनीच्या वहींतील जुनाच आंकडा पुढें चालतो.

आतां आबांचा हिशेब मांडतों. आंकडे समजुतीपुरते आहेत. मालमत्तेची किंमत दोन कोटी. बँकेचें कर्ज नव्वद लाख, शेतकऱ्यांच्या कापसाचें देणें पंचवीस लाख, किरकोळ देणीं पांच लाख. एकूण एक कोटी वीस लाख. कंपनीनें मालमत्ता विकली तर दोन कोटींतून प्रथम हें देणें जाईल. उरले ऐशीं लाख. विक्रींत झालेल्या नफ्यावर कंपनी कर भरील. तो दहा लाख धरूं. राहिले सत्तर लाख, म्हणजे भागास सात हजार, व आबांस एक लाख पंच्याहत्तर हजार. तेही कंपनीनें नफ्याची वांटणी केली किंवा कंपनी गुंडाळली तरच. आणि संचित नफ्यांतून आलेल्या रकमेवर आबांस आपल्या उत्पन्नाच्या पायरीप्रमाणें पुन्हां कर आहेच. एकाच पैशावर दोन ठिकाणीं कर बसतो तो असा.

भाग विकले तर ? खरेदीदार शहाणा असतो. तो दोन कोटी देणार नाहीं. देणें वजा करून तो ऐशीं लाखांवर येईल, आणि न दिसणाऱ्या देण्याच्या धास्तीनें आणखी आठ लाख कमी करील. बहात्तर लाख, म्हणजे भागास सात हजार दोनशें, व आबांस एक लाख ऐशीं हजार. यावर कर एकदांच. बाजारांत न विकले जाणारे असे भाग दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेले असले, तर २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर मूळ दर शेंकडा साडेबारा आहे. दोन्ही मार्गांत पांच लाख कोठेंच नाहींत. सभेस जाण्यापूर्वीं हें कळलें तर निराशा होते. सभेनंतर कळलें तर भांडण होतें.

येथवर भागधारक म्हणून विचार झाला. परंतु आमच्यापैकीं पुष्कळ जण त्याच कारखान्यास माल घालणारेही असतात. त्या नात्यानें पाहूं लागलें म्हणजे प्रश्न जास्त गंभीर होतो. शेजारच्या तालुक्यांत कांहीं वर्षांपूर्वीं एका डाळ मिलची विक्री झाली. माझ्या मावसभावाची चाळीस क्विंटल तूर तेथें घातलेली होती, पैसे यावयाचे होते. एके दिवशीं मिल पुन्हां सुरू झाली. फाटक तेंच, वजनकांटा तोच, हमालही बहुतेक तेच; पाटी मात्र नवी. हा पावती घेऊन गेला. नव्या धन्यानें शांतपणें सांगितलें, “दादा, मी यंत्रें आणि जागा विकत घेतली आहे. तुमचें देणें जुन्या कंपनीकडे.” जुन्या कंपनीकडे गेला, तर तेथें एक टेबल, एक कपाट व एक शिक्का शिल्लक. विक्रीचे पैसे बँकेनें आपल्या कर्जापोटीं नेले होते, आणि तारण घेतलेल्या बँकेचा हक्क आधीं, हें कायद्यास धरूनच होतें. कोणीं चोरी केली नाहीं; पण तुरीचे पैसे गेले. तेंच जर भाग विकले गेले असते, तर देणेकरी तीच कंपनी राहिली असती, आणि चालू मिलच्या फाटकावर उभें राहून पैसे मागण्याचा त्यास हक्क असता.

सहकारी साखर कारखान्यांच्या बाबतींत महाराष्ट्रानें हें मोठ्या प्रमाणावर पाहिलें आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कितीएक सहकारी कारखाने कर्जवसुलीसाठीं विकले गेले. त्यांतील अनेक विक्री २००२ च्या सरफेसी कायद्याखालीं झाल्या. त्या साऱ्या मालमत्तेच्या विक्री होत्या. जमीन, यंत्रें, धुराडें गेलें. सभासदाचा भाग कोणीं विकत घेतला नाहीं, तो घरच्या ट्रंकेंत कागद म्हणून राहिला. सहकारी संस्थेंत तर आणखी एक गोष्ट आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणें संस्था गुंडाळतांना सारें देऊन कांहीं शिल्लक उरली, तरी ती सभासदांत वांटतां येत नाहीं. कारखान्याच्या जमिनीचा भाव दसपट झाला, म्हणून सभासदाच्या भागाचा भाव वाढत नाहीं. ऊंसाच्या बिलासाठीं १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशानें चौदा दिवसांची मुदत, विलंबास शेंकडा पंधरा व्याज, आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणें वसूल करण्याचा मार्ग घालून दिला खरा. पण वसुलीस निघालेल्या तहसिलदारास जप्त करण्यासारखें कांहीं तरी सांपडावें लागतें.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची तऱ्हा निराळी. तेथें भाग वाटेल त्यास विकतां येत नाहीं; संचालक मंडळाच्या पूर्वसंमतीनें, चालू उत्पादक सभासदास, आणि तोही दर्शनी किंमतीस, असा दंडक आहे. म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्यास अशी कंपनी भाग घेऊन गिळतां येत नाहीं. ही तटबंदी चांगली आहे. परंतु तटाच्या आंतून गोदाम, ट्रॅक्टर, प्रतवारीचीं यंत्रें विकलीं गेलीं, तर तट उभा राहून गांव रिकामें होईल. तेव्हां अशा कंपनीच्या सभासदांनीं मालमत्तेच्या ठरावावरच डोळा ठेविला पाहिजे.

आणखी एक धोक्याची सूचना येथेंच देतों. हल्लीं कोणी सल्लागार शेतकऱ्यास सांगतात कीं, आपली शेती कंपनीच्या नांवें करा, पुढें भाग विकून टाका, फेरफाराची कटकट नको. हा सल्ला तपासून घ्यावा. शहरांपासून कायद्यानें ठरविलेल्या अंतराबाहेरची शेतजमीन आयकराच्या दृष्टीनें भांडवली मालमत्ता गणली जात नाहीं. म्हणून ती विकून आलेल्या नफ्यावर साधारणतः भांडवली नफ्याचा कर नाहीं. कंपनीचा भाग मात्र भांडवली मालमत्ताच. म्हणजे जी जमीन स्वतःच्या नांवें विकली असती तर कर पडला नसता, तीच कंपनींत घालून भाग विकला तर कर पडतो. वडिलांचा सातबारा हा नुसता भावनेचा कागद नव्हे, हें यावरून कळेल.

मग माझें मत काय, असें वाचक विचारतील. कंपनी सुस्थितींत असेल, तर लहान भागधारकानें आपला भाग विकण्याकडेच कल ठेवावा. पैसा थेट हातीं येतो, कर एकदांच पडतो, आणि माल घातलेल्या शेतकऱ्याचा ऋणको नाहींसा होत नाहीं. यावर कोणी म्हणतील, नवा धनी दिवाळखोर निघाला तर ? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मालाचें देणें भाग हस्तांतर होण्यापूर्वींच चुकतें करून घ्यावें, असा आग्रह धरला पाहिजे. दुसरा आक्षेप असा कीं, भाग विकतांना खरेदीदार विकणाऱ्यांकडून लांबलचक हमीपत्र लिहून घेतो. जुनें देणें निघालें तर तुम्ही भरून द्या म्हणतो. हाही आक्षेप खरा, व त्याचा उपाय सहीपूर्वीं आहे, सहीनंतर नाहीं. हमी मुदतीची असावी; ज्यास जेवढे पैसे मिळाले, त्याची जबाबदारी तेवढ्यापुरतीच असावी; आणि एकाच्या वांट्याची जबाबदारी दुसऱ्यावर येऊं नये. ज्यांनीं संचालक म्हणून बँकेस व्यक्तिशः जामीनकी दिली असेल, त्यांनीं तर बँकेचें लेखी मुक्तिपत्र हातांत पडल्यावांचून भाग सोडूं नयेत. भाग विकले म्हणून जामीनकी सुटत नाहीं, हें कित्येकांस घरावर नोटीस चिकटल्यावरच कळतें.

जेथें कंपनी कर्जानें वांकलेली आहे, किंवा खरेदीदार मालमत्तेवरच अडून बसला आहे, तेथें मालमत्ता विकणें भाग पडतें. त्यांत पाप कांहीं नाहीं. पण त्या वेळीं खरेदीखतावर सही होण्यापूर्वीं सभेंत ठराव व्हावा कीं, किंमतींतून बँक फिटतांच दुसरा हक्क शेतकऱ्यांच्या मालाच्या देण्याचा राहील, आणि ती रक्कम स्वतंत्र खात्यांत ठेविली जाईल. नंतरच्या ठरावास फळ येत नाहीं. तोंवर दाणे पांखरांनीं नेलेले असतात.

आणि सर्वांत आधींची मागणी ही कीं, नोटीस मराठींत यावी व तींत स्पष्ट लिहावें : विकावयाचें तें भाग कीं मालमत्ता, पैसे कोणाच्या खात्यांत येणार, कंपनीचें एकूण देणें किती, त्यांत शेतकऱ्यांचें किती, आणि भागधारकास कर जाण्यापूर्वीं अदमासें काय मिळेल. चार ओळींचें काम आहे. ‘कंपनीची विक्री’ हे दोन शब्द लिहून चाळीस घरांस अंधारांत ठेवणें हें कारभाऱ्यांस शोभत नाहीं. त्यांच्या मनांत कपट असेल असें मी म्हणत नाहीं. आमच्या कंपनीचे संचालक आमच्यांतलेच आहेत, व त्यांतील निम्म्यांस हा भेद माझ्याइतकाच उशिरां कळला असेल. परंतु अज्ञानानें झालेलें नुकसान कपटानें झालेल्या नुकसानीहून रुपयानेंही कमी नसतें.

आबांस मीं हें सारें दोन बैठकींत सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पांच लाखांची गोष्ट खोटी. पण माझ्या कापसाचे साठ हजार यावयाचे आहेत, त्यांचें काय ?” मला वाटतें, आबांनीं योग्य प्रश्नाला हात घातला. आमची सभा येत्या पंधरवड्यांत आहे. तींत हा प्रश्न पहिल्यानें विचारावा, व उत्तर सभेच्या वृत्तांतांत लिहून घ्यावें, असें आम्हीं दोघांनीं ठरविलें आहे. ज्यांच्या गांवीं अशीच नोटीस आली असेल, त्यांनींही तसेंच करावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.